काठी आधी वाकवा, मग बांधा

मंडळी, मासेमारीची काठी बांधायला बसलं की पहिला प्रश्न येतो, ‘ब्लँक, म्हणजे काठीचा नुसता दांडा, कुठला घ्यायचा?’ खरं तर त्याच्याही आधी एक आकडा ठरवायला हवा: या काठीवर किती किलोची ओढ येणार? तो कागदावर लिहा आणि मग दुकानाची पायरी चढा. आज आपण ३७ किलो ताकदीच्या दोरीच्या वर्गाची, म्हणजे जुन्या मापात ८० पौंडी काठी घेऊ. पिवळ्या पराच्या कुप्यासारख्या (यलोफिन ट्यूना) दमदार माशाला बोटीवर उभ्याने खेळवायची. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना लागणारा ब्रेक, सुरुवातीला दोरीच्या ताकदीच्या पावपट लावतात. म्हणजे ९ किलो, आणि मासा खाली बसला की १२ पर्यंत. आपल्या कामाचा आकडा हाच. ३७ नव्हे.

आता तरफेचा हिशेब बघा. काठीचं बूड कमरेच्या पट्ट्यात टेकलेलं आहे आणि पुढचा हात बुडापासून ६० सेंटिमीटरवर आहे. दोरी बुडापासून आडव्या अंतराने १०० सेंटिमीटरवर खाली उतरत असेल, तर १० किलोच्या ओढीला हातावर साधारण १७ किलो येतात. तेच अंतर १५० केलं की २५ किलो. काठी जितकी लांब आणि ताठ, तितकी ती माशाच्या बाजूने भांडते. दक्षिण कॅलिफोर्नियात सॅन दिएगोहून लांब पल्ल्याला जाणाऱ्या बोटींवर आखूड ‘स्टँड-अप’ काठी रुळली ती यामुळेच. तिथे खुर्चीत पट्टे बांधून बसायची सोय नव्हती, सगळा भार पाठीवर आणि मांड्यांवर.

म्हणून आपली काठी ५ फूट ६ इंच, म्हणजे १६८ सेंटिमीटर. बुडापासून रीलच्या मध्यापर्यंत ४२, तिथून शेंड्यापर्यंत १२६. ज्यांना विक्रमाची नोंद करायची असेल त्यांच्यासाठी ‘इग्फा’चा, म्हणजे विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, नियम असा: रीलच्या मध्यापासून टोक किमान १०१.६ सेंटिमीटर हवं, आणि बूड ६८.५८ पेक्षा लांब नको. आपण दोन्हींत आरामात बसतो.

ब्लँकबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या कामाला निखळ कार्बन नको. काचतंतू (फायबरग्लास) किंवा काच-कार्बन मिश्र घ्या. कार्बन हलका असतो, हातात छान वाटतो, पण त्याला टोला सहन होत नाही. बोटीच्या कठड्यावर एकदा आपटला की वरून दिसणारही नाही अशी चीर पडते आणि काठी पुढच्या माशाला तिथेच फटकन जाते. काचतंतू जड, पण भार वाढला की बाक शेंड्याकडून हाताकडे सरकतो, म्हणजे तरफ आपोआप आखूड होते. तुमच्या कमरेला हवंय ते हेच.

आता स्पाइन, म्हणजे ब्लँक वाकवला की ज्या बाजूवर तो आपोआप स्थिरावतो ती बाजू. ब्लँकचं बूड गुळगुळीत फरशीवर टेकवा, वरून तळहाताने दाबून जरा बाक द्या आणि बोटांनी फिरवा. एका जागी तो स्वतःहून उडी मारून स्थिरावतो. ही बाजू रीलशी जुळवली नाही तर काठी पिळते असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. अर्धसत्य आहे. दोरी ओवायच्या कड्या वर आणि ओढ खाली, हे पिळण्याचं खरं कारण; दोरीला नेहमी खालच्या बाजूला जायचं असतं. त्यामुळे मी ब्लँक डोळ्यासमोर धरून सगळ्यात सरळ दिसणारी बाजू निवडतो. पिळणं खरंच थांबवायचं असेल तर कड्या सर्पिल बांधा: पहिली वर, दुसरी ६० अंशांवर, तिसरी १२० वर, आणि तिथून शेंड्यापर्यंत सगळ्या खाली. दिसायला विचित्र, पण भाराखाली काठी मुठीत गप्प बसते.

मूठ आणि रीलसीट, म्हणजे रील बसवायचा भाग. क्रम चुकला तर सगळं उलगडावं लागतं, म्हणून नीट ऐका. ब्लँक बुडाशी जाड असतो, त्यामुळे सामान शेंड्याकडून खाली ढकलायचं. आधी मागची मूठ, मग रीलसीट, मग पुढची मूठ. गिंबल, म्हणजे बुडाची खाचेची टोपी, मात्र शेवटी, बुडाकडून. मुठीला ईव्हीए फोम घ्या. भोक ब्लँकपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान असू द्या, चिकटवायचं ओलं इपॉक्सीच वंगणाचं काम करतं. ब्लँकची चकाकी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवा. फक्त चकाकी, तंतू दिसायला लागले तर तुम्ही जास्त घासलंत.

रीलसीट आणि ब्लँक यांच्यात पोकळी राहते. ती भरायला सर्रास मास्किंग टेप गुंडाळतात, आणि दोन मोसमांनी सीट फिरायला लागते ती याच कारणाने. कागद खारं पाणी पितो आणि त्याचा लगदा होतो. त्याऐवजी जिप्सम बोर्डाचे सांधे बुजवायची काचतंतूची जाळीदार पट्टी वापरा. तिच्या भोकांतून इपॉक्सी थेट ब्लँकपर्यंत पोचतं. अॅल्युमिनियमची सीट आतून कानशीने ओरखडून घ्या. इपॉक्सी सावकाश सुकणारं, घट्ट लापशीसारखं हवं. पाच मिनिटांत सुकणारं ठिसूळ होतं.

गिंबलच्या बाबतीत दोन गोष्टी. त्याची खाच पट्ट्यातल्या पिनेवर बसते, म्हणून रील लावूनच दिशा जुळवा. खाचेत स्टीलची पट्टी उभी धरली की फरक लगेच डोळ्यात भरतो. पाच अंशांनी चुकलात तर तासभराच्या झुंजीत रील एका अंगाला कललेलं राहील. दुसरी गोष्ट, गिंबल तळाशी बंद असतं. आत अडकलेली हवा त्याला हळूहळू मागे ढकलते. टेपने आवळून ठेवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा.

आता कड्यांची जागा. शेंड्यापासून १०, २२, ३५.५, ५०.५ आणि ६७ सेंटिमीटर, ही फक्त सुरुवात. कड्या टेपने तात्पुरत्या चिकटवा, शेंड्याला टिपटॉप, म्हणजे टोकाची कडी, घाला, दोरी ओवा आणि तिचं टोक जमिनीवरच्या कड्याला स्प्रिंग काटा लावून बांधा. आता काठी वाकवत काटा ९ किलोवर आणा. बाजूने कुणीतरी फोटो काढू दे. कड्या वरच्या बाजूला असतील तर दोन कड्यांमध्ये दोरी ब्लँकला कुठे टेकते का, हे बघायचं. टेकत असेल तिथलं अंतर कमी करा, किंवा एक कडी वाढवा. दुसरं म्हणजे प्रत्येक कडीपाशी दोरीचा कोन जवळपास सारखा हवा. एकाच ठिकाणी मोठी मोड दिसली की भार तिथे साठतोय. सरकवा, पुन्हा वाकवा. चार-पाच फेऱ्या होतात, कंटाळू नका. आणि वाकलेल्या काठीच्या रेषेत तोंड ठेवू नका, डोळ्यांवर चष्मा असू द्या.

रोलर की रिंग? जाड तंगूस असेल तर रोलर उत्तम, मात्र प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवून तेल द्यायला हवं. मिठाने अडकलेला रोलर दोरी कापतो. बारीक ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, साध्या रोलरच्या कडेच्या फटीत शिरते, म्हणून ब्रेडला मजबूत चौकटीची, दोन पायांची सिलिकॉन कार्बाइडची रिंग घ्या. रिंगेतून कापसाची काडी फिरवून बघा. तंतू अडकला तर तडा आहे, डोळ्यांना न दिसणारा.

सगळ्यात जास्त काठ्या कुठे बिघडतात? कडीच्या पायाच्या टोकापाशी. कारखान्यातून पाय बोथट येतो, त्यावर धागा चढताना पायरी पडते, पायरीत पोकळी राहते आणि तिथे पाणी साठतं. कानशीने पायाचं टोक वरून उतरतं करत न्या, नखावरून सरकवलं तर अडकू नये इतकं. मग पायाची खालची कडही बोथट करा, नाहीतर ती भाराखाली ब्लँक कुरतडते. त्यासाठीच खाली धाग्याचा एक थर, अंडररॅप, द्यायचा. डी नंबरचा नायलॉन धागा घ्या. अंडररॅप पायाच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर जास्त. वरचा थर ब्लँकवरून सुरू करून पायावर चढवत न्या, उलटं नाही. ताण इतकाच, की बांधून झाल्यावर कडी अंगठ्याने जेमतेम हलवून ओळीत आणता यावी.

शेवटचा लेप इपॉक्सीचा. त्याचे दोन्ही भाग सारख्या मापाने, प्रत्येकी ३ मिली. औषधाच्या दुकानातली काळ्या रबराच्या दट्ट्याची सिरिंज वापरू नका: त्या रबराला सिलिकॉनचं तेल असतं, आणि लेपात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. रबर नसलेल्या दट्ट्याची घ्या, आणि दोन भागांना दोन वेगळ्या. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, मग अॅल्युमिनियमच्या फॉइलवर पसरा. वाटीत राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं. पहिला हात पातळ, धाग्यात मुरेल असा. दुसरा दुसऱ्या दिवशी. सुकेपर्यंत काठी मिनिटाला ६ ते १८ फेऱ्यांनी मोटरवर फिरत राहू दे. बुडबुड्यांना स्पिरिटच्या दिव्याची ऊब खालून, ज्योत न टेकवता.

इथे आपल्या किनाऱ्याची एक पंचाईत आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, हाताशी वेळ, म्हणून लोक काठ्या नेमक्या तेव्हाच बांधतात. आणि इपॉक्सीला तोच काळ सगळ्यात वाईट. दमट हवेत लेपावर मेणचट पापुद्रा येतो आणि दुसरा हात त्यावर धरत नाही. आलाच तर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, हलकं घासा, मग पुढचा हात. शक्य असेल तर एसीच्या खोलीत लेप द्या. बांधणी पावसात करा आणि लेप ऑक्टोबरात, हेही चालतं. धागा नुसता धूळ आणि तेलकट बोटांपासून झाकून ठेवायचा.

टिपटॉप मात्र इपॉक्सीने कधीच लावू नका. गरम केल्यावर वितळणारी डिंकाची कांडी वापरा. रिंग तडकली की लायटरची ऊब देऊन दोन मिनिटांत बदलता येते.

लेप झाल्यावर आठवडाभर काठीला हात लावू नका. मग पुन्हा स्प्रिंग काटा लावा, ९ किलोवर आणा आणि कान द्या. ‘टिक’ असा आवाज आला तर मुठीत नाहीतर सीटमध्ये कुठेतरी चिकटलेलं सुटलंय. भार काढून प्रत्येक पायाचं टोक भिंगाने बघा. लेपात केसाएवढी रेघ असेल तर घाबरायचं कारण नाही, लेप वाकतो. रेघेभोवती पांढरट ढग दिसला तर पाय आत हलतोय. ती कडी ब्लेडने, पात्याची धार वर ठेवून पायाच्याच पाठीवर कापून सोडवा आणि नव्याने बांधा.