ब्रश धुतला, पण वाळला का?

नमस्कार श्रोतेहो.

श्रावण लागला की मंगळागौरी सुरू होतात, पाठोपाठ गौरी-गणपती येतात. ठाण्यात जांभळी नाक्यावर, गोखले रोडवर पाय ठेवायला जागा नसते आणि घरोघरी मेकअपचे डबे बाहेर निघतात. नेमकी याच दिवसांत आपली हवा इतकी दमट असते की दोरीवरचा टॉवेलही वाळता वाळत नाही. मग झाकण लावून डब्यात ठेवलेला ओला स्पंज कसा वाळणार?

मी नवऱ्यामुलींचा मेकअप करते आणि शिकवतेही. मुली ब्रश अगदी मनापासून धुतात, पण वाळवण्याकडे लक्ष देत नाहीत, असं मला नेहमी दिसतं. वापरलेल्या स्पंजात फाउंडेशनचं तेल, घाम आणि त्वचेचे सुटलेले कण अडकलेले असतात. जंतूंना आणि बुरशीला ते खाद्यच. ऊब आपल्या हवेत आहेच. त्यात ओल राहिली, की धुण्याची सगळी मेहनत वाया गेली.

ब्रश कोमट पाण्यात धुवा. तळहातावर थोडा बेबी शॅम्पू घ्या, केस त्यावर गोल फिरवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. या वेळी केसांची टोकं खालच्या बाजूला हवीत. केस आणि दांडा जोडणाऱ्या धातूच्या नळीत गोंद असतो. तिथे पाणी मुरलं की गोंद सुटतो, केस गळू लागतात आणि आतली ओल लवकर जात नाही. म्हणून धुतलेला ब्रश पेल्यात उभा करू नका. टेबलाच्या कडेला, केस कडेबाहेर राहतील असा आडवा ठेवा आणि पंखा लावा. जाड ब्रश पावसाळ्यात एका रात्रीत वाळेल असं धरून चालू नका. गौरी बसायच्या दोन दिवस आधीच धुऊन घ्या. रोज फाउंडेशन लावत असाल तर तो ब्रश आठवड्यातून एकदा तरी धुवायलाच हवा.

स्पंज मात्र प्रत्येक वापरानंतर धुवा, घट्ट पिळा आणि उघड्यावर ठेवा. त्याला कुबट वास आला किंवा आत काळे ठिपके दिसले, तर तो टाकून द्या. महाग होता म्हणून जीव अडकवू नका.

आता डोळ्यांचं. २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डोळे येण्याची केवढी साथ आली होती, आठवतं ना? आणि मंगळागौरीला एकच काजळ पेन्सिल दहाजणींच्या हातांतून फिरते. माझं याबाबतीत ठाम मत आहे: काजळ, लायनर आणि मस्कारा सख्ख्या बहिणीलाही देऊ नये. मागणारीला वाईट वाटलं तरी चालेल. लिपस्टिकही तशीच, ओठांवर तापाचे फोड आणणारा विषाणू तिच्यातून पसरू शकतो. मस्कारा उघडल्यावर साधारण तीन महिन्यांत बदला. सुकला म्हणून त्यात पाणी घालू नका, त्यानं जंतूंना रोखणारं औषध पातळ होतं. डोळे आले किंवा रांजणवाडी झाली, तर त्या दिवसांत वापरलेलं डोळ्यांचं सामान बरं झाल्यावर पुन्हा काढू नका. टाकून द्या. बाकी सामानाच्या वेष्टनावर उघड्या बरणीचं छोटं चित्र असतं. त्यातला ६ किंवा १२ हा आकडा म्हणजे उघडल्यापासून तितके महिने.

पार्लरमध्ये थ्रेडिंग करताना दोऱ्याचं एक टोक दातांत धरण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. "ताई, नवा दोरा घ्या आणि टोक मानेला अडकवा," असं सांगायला संकोच करू नका, चांगली पार्लरवाली ते लगेच करते. केस कापायला जाणाऱ्या पुरुषांनीही नवं ब्लेड डोळ्यांसमोर लावून घ्यावं. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो आणि रक्ताचा न दिसणारा अंशही त्याला पुरतो.

घरचा प्लकर आधी साबणानं धुवा, मग ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. त्याहून तीव्र अल्कोहोल चटकन उडून जातं, जंतूंवर काम करायला त्याला वेळच मिळत नाही. पुसल्यावर फुंकर मारू नका, आपोआप सुकू द्या आणि मगच भुवईला लावा.

नमस्कार.