साथीला यंत्र घेताना

संयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘गाण्याच्या साथीला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं एवढं सांगा, लोक लिहून घेतील.’ नुसतं नाव सांगायचं असतं तर मी चहा पिऊन दोन मिनिटांत घरी गेलो असतो. अडचण अशी, की मला हा प्रश्न विचारणारे लोक एकमेकांपासून फार वेगळे असतात. कुणाला सकाळी ख्यालाच्या रियाजाला ठेका हवा असतो, कुणी गिटार शिकत असतं, कुणाला मंडळाच्या कार्यक्रमात भावगीत म्हणायचं असतं. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळातली एखादी बाई कळवते, इथे शंभर मैलांत तबलजी नाही. या सगळ्यांना एकच नाव सांगणं म्हणजे सगळ्या गाण्यांना एकच ताल लावणं.

म्हणून मी उलट विचारतो. तुमचा तबलजी किंवा पेटीवाला येतो त्या दिवशी तो तुमच्यासाठी काय काय करतो? लोक म्हणतात, ठेका धरतो, सूर देतो. ते तर करतोच. पण तुम्ही अंतऱ्याची दुसरी ओळ विसरलात, की तो गुपचूप एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, जास्त वाजवतो. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात, की पेटीवाला मधली जागा भरतो. घसा बसला असेल तर तो स्वतःहून म्हणतो, आज अर्ध्या सुराने उतरू या. थोडक्यात, तो ऐकत असतो. आज मी ज्या सॉफ्टवेअरबद्दल बोलणार आहे, त्यातलं जवळजवळ कुठलंच तुमचं गाणं ऐकत नाही. ते फक्त वाजवतं.

हे मी ठेच लागून शिकलोय. गणेशोत्सवातला कार्यक्रम होता. मोठ्या हौसेने मी एका गाण्याचा ट्रॅक घरी बनवला होता. गाणारी मुलगी तयारीची. पण पहिल्या कडव्यानंतर लोकांनी टाळ्या वाजवल्या, ती सुखावली, हसली, आणि दोन मात्रा उशिरा उठली. ट्रॅकला टाळ्यांशी काय देणंघेणं? तो पुढे गेला. पुढचं कडवं ती ट्रॅकच्या मागून धावत होती आणि मी लॅपटॉपसमोर हात जोडून बसलो होतो. चूक तिची नव्हती. कडव्यानंतर चार आवर्तनं मोकळी ठेवायची अक्कल मला आधी सुचली नव्हती. यंत्र ऐकत नसेल, तर ऐकण्याचं सगळं काम आपण आधी बसून करायचं असतं. त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना मी एकच गोष्ट पाहतो: माझं म्हणणं मला माझ्या भाषेत, म्हणजे पट्टी, ताल, आवर्तनं आणि गाण्याचा आराखडा या भाषेत, त्याला किती सोप्या रीतीने सांगता येतं, आणि ऐन वेळी किती लवकर बदलता येतं. ‘आमच्याकडे इतक्या हजार स्टाइल आहेत’ ही जाहिरात मी वाचतसुद्धा नाही. आपण त्यातल्या सहा वापरतो.

आता या सॉफ्टवेअरच्या कुळांची थोडी ओळख करून घेऊ. एक कूळ कॉर्डवाल्यांचं, कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर. ते जॅझमधून आलं. अमेरिकेत जेमी एबरसोल्ड या सॅक्सोफोनवादकाने १९६७ मध्ये सरावासाठी पहिली तबकडी काढली. तिच्यात फक्त साथ होती, मुख्य वाद्य तुम्ही वाजवायचं. त्यातली युक्ती मला फार आवडते. एका बाजूच्या स्पीकरमध्ये बेस आणि ड्रम, दुसऱ्या बाजूला पियानो आणि ड्रम. तुम्ही बेस वाजवणारे असाल तर बॅलन्सचं बटण फिरवायचं, तबकडीतला बेसवाला गप्प, तुम्ही त्याच्या जागी. सॉफ्टवेअर नाही, काही नाही, एक बटण! आजही कुठलंही सॉफ्टवेअर पाहताना मी हे तपासतो, की मला माझं वाद्य त्यातून वगळता येतं का. पेटी शिकणाऱ्याला पेटी वाजवणारा ट्रॅक काय कामाचा?

मग १९९० मध्ये कॅनडातल्या पीजी म्युझिकने ‘बँड-इन-अ-बॉक्स’ आणलं. पडद्यावर चौकोन, एकेका चौकोनात कॉर्ड टाइप करायची, सी, ए मायनर, एफ, जी, मग स्टाइल निवडायची, की बेस, ड्रम, पियानो, गिटार आपापलं वाजवू लागतात. आत काय चालतं ते समजलं तर निवड सोपी होते. स्टाइल म्हणजे छोटे छोटे वाजवलेले नमुने. यामाहाच्या अरेंजर कीबोर्डमध्ये, म्हणजे स्वतः साथ धरणाऱ्या कीबोर्डमध्ये, हे नमुने बहुधा सी मेजर सेव्हन कॉर्डवर वाजवून ठेवलेले असतात, आणि तुम्ही डाव्या हाताने ए मायनर दाबलीत की त्यातले सूर नियमाने त्या कॉर्डमध्ये बसवले जातात. पुढे बँड-इन-अ-बॉक्सने ‘रिअलट्रॅक्स’ आणले. त्यात खऱ्या वादकांनी वाजवून ठेवलेले तुकडे जोडले जातात. ऐकायला सुरेख, पण त्याचा भार मोठा. सगळ्यात मोठी आवृत्ती हार्ड डिस्कवर येते, यावरून अंदाज करा. जुना लॅपटॉप असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

फोनवर भागवायचं असेल तर ‘आयरिअल प्रो’. ते एका बेसवादकाने, मास्सिमो बियोलकातीने, बनवलं, आणि ते वापरताना कळतं. नटवेपणा नाही, नुसती कॉर्डची पाटी आणि खाली साथ. पट्टी बदलायला एक बोट पुरतं. गिटार किंवा कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो. पैसे घालायचे नसतील तर ‘जॅझलॅब’ फुकट आहे, यामाहाच्या स्टाइल फायली वाचतं. त्याचं नाव इंग्रजीत दोन ‘जे’ लावून शोधा. ज्यांना संगणकाशी खेळायला आवडतं त्यांच्यासाठी ‘एमएमए’ आहे. एका साध्या मजकुराच्या फायलीत कॉर्ड लिहायच्या, आज्ञा द्यायची, मिडी फाइल तयार; तिच्यात आवाज नसतो, कुठला सूर कधी वाजवायचा याच्या सूचना असतात. दिसायला बोडकं, पण तुम्ही सांगाल तसंच वागतं. मला स्वतःला ते प्रिय आहे, पण घरी दुसऱ्या कुणालाही मी ते पटवू शकलेलो नाही.

हे सगळं ठीक. पण आपली गाणी त्यात घातली की काय होतं?

१९९१ मध्ये जनरल मिडी नावाचं एक प्रमाण ठरलं. १२८ वाद्यांची यादी, क्रमांक ठरलेले, म्हणजे एका यंत्रावर बनवलेली फाइल दुसऱ्यावर तशीच वाजावी. त्या यादीत १०५ क्रमांकावर सतार आहे. ११२ वर शहनाई आहे, तीही ‘शनाई’ अशा स्पेलिंगने. पेटी नाही, रीड ऑर्गनवर भागवा. तालवाद्यांच्या संचात बोंगो आहे, काँगा आहे, तबला नाही. त्यामुळे साधी मिडी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केरवा मागितलात तर काँगावर आठ मात्रा मिळतात, आणि आपलं भावगीत एकदम समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बसतं. यामाहाने भारतासाठी काढलेल्या पीएसआर-आय मालिकेत तबल्या-तानपुऱ्याची सोय आहे, ती याचसाठी.

तबल्याचा आवाज मिळाला तरी प्रश्न मिटत नाही. दादरा तीन-तीनच्या मापात बसतो, केरवा आणि धुमाळी चारच्या मापात बसतात. रूपक घ्या. ती ती ना, धी ना, धी ना. सात मात्रा, आणि समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली, म्हणजे बिनजोराची जागा! बायाँ, म्हणजे डग्गा, गप्प आहे. तीच रूपकाची गंमत, सम हलकी पडते आणि वजन चौथ्या मात्रेवर येतं. आता कॉर्डवाल्या सॉफ्टवेअरला हे कसं सांगणार? त्याच्या दृष्टीने चौकोनाची पहिली मात्रा म्हणजे जोराची. तुम्ही सातचं माप दिलंत तरी ते समेवर धाडकन बेस ड्रम मारतं. माप बरोबर, मात्रा सात, आणि तरीही तो रूपक नव्हे. माझ्या एका तबलजी मित्राने हे ऐकून हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाला, ‘याला शिकवणी लावा.’ झपतालाचंही तेच, दोन-तीन-दोन-तीन हे विभाग त्याला पाचच्या दोन चौकोनांत दाखवावे लागतात, आणि सहाव्या मात्रेवरची खाली त्याला कळतच नाही.

म्हणून ज्यांचं गाणं तालाच्या आवर्तनावर उभं आहे, त्यांनी दुसऱ्या कुळाकडे जावं. बंगळुरूच्या राडेल कंपनीची ‘तालमाला’ अनेकांच्या घरी असेल, ती तबल्याचे ठेके वाजवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. आज तेच काम फोनवर ‘आयतबलाप्रो’सारखी ॲप्स करतात: तानपुरा, ताल, लय, पट्टी, संपलं. कॉर्ड नाहीत, आणि नसाव्यातच. ख्यालाच्या मागे कॉर्ड लावणाऱ्यांना मी हात जोडतो. याला नुसती आवड-नावड समजू नका, हिशेब आहे. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तानपुऱ्यात मिळणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. कीबोर्डवरचा गंधार ४०० सेंटवर, म्हणजे १४ सेंट चढा. तुम्ही यमनचा गंधार तानपुऱ्यात मिळवून लावणार, आणि मागून मेजर कॉर्ड तो वर ओढणार. गाणाऱ्याला वाटतं, आज माझा सूर का लागत नाही. भावगीताला, सुगम संगीताला हे खपतं, कारण तिथे कान त्याच सुरांवर तयार झालेला असतो.

सेंटांवरून एक फार व्यावहारिक गोष्ट. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झ या आजच्या प्रमाण सुराला जुळलेल्या असतातच असं नाही. तुमच्या पेटीची काळी एक ही पट्टी आणि सॉफ्टवेअरची काळी एक यांत वीस-पंचवीस सेंटांचं अंतर असू शकतं. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट, म्हणजे पाव वाटा फरक. पेटीचा सूर तर तिथल्या तिथे बदलता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सूर सेंटांनी वरखाली करायची सोय नसेल, तर ते कितीही गोड वाजो, पेटीबरोबर वापरता येणार नाही. विकत घेण्याआधी ही सोय शोधा.

लयीचंही तपासा. मिडीला लय कितीही कमीजास्त केली तरी त्रास होत नाही, कारण तिथे नुसत्या सूचना असतात. ध्वनिमुद्रित तुकडे ताणले की एका मर्यादेनंतर तबल्याची शाई भिजल्यासारखी वाटते. आणि खालची मर्यादा बघा. विलंबित एकताल मिनिटाला १५ मात्रांनी घेतलात तर एक मात्रा चार सेकंदांची, बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं. पाश्चात्त्य सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या स्वप्नातही हे आलेलं नसतं.

कराओके आणि आवाज काढून टाकणाऱ्या ॲप्सबद्दल थोडक्यात. पूर्वी डाव्या स्पीकरच्या आवाजातून उजव्याचा वजा करायचे, गायक मध्ये, म्हणजे दोन्हींत सारखा, असतो म्हणून तो जायचा, बरोबर बेसही जायचा, आणि गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं व्हायचं. २०१९ मध्ये डीझर कंपनीने ‘स्प्लीटर’ मोफत खुलं केलं, आणि तेव्हापासून यंत्राला शिकवून गाण्याचे भाग वेगळे करणं घराघरांत आलं. सरावाला उत्तम. पण पट्टी मूळ गायकाची, लय त्याची, मधले तुकडे त्याच्या दमाचे. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क कुणाचा तरी असतो, आपल्याकडे प्रकाशनापासून ६० वर्षं. तुम्ही स्वतः बनवलेल्या ट्रॅकला हा प्रश्न येत नाही, चालीच्या हक्काचा मात्र येतो, तो वेगळा. आणि ‘सुनो’सारखी, दोन ओळी लिहिल्या की आख्खं गाणं देणारी नवी मंडळी आहेत. मी त्यांना रूपक मागितला होता. फार सुंदर सहाचं काहीतरी आलं.

कार्यक्रमासाठी मात्र माझा कल अजून अरेंजर कीबोर्डकडे आहे. कारण तिथे डावा हात माणसाचा असतो. गाणारी उशिरा उठली तर वाजवणारा तीच कॉर्ड धरून ठेवतो, यंत्र आवर्तन फिरवत राहतं. या सगळ्या प्रकारांत साथीला थोडेफार कान असलेला हा एकच. ते जमत नसेल तर ट्रॅक साध्या ऑडिओ फाइलमध्ये बाहेर काढता येतो का ते पाहा, तो फोनवर ठेवा, फोन विमानाच्या मोडवर टाका. हॉलच्या इंटरनेटवर विसंबून गाणं सुरू करू नका. ऐन आलापात मावशींचा फोन येतो तो निराळाच.

आणि घेण्याआधी एक गाणं लावून बघा. तुमचं सगळ्यात पाठ असलेलं. घड्याळ लावून बसा. मुखडा, दोन अंतरे, मधले तुकडे, शेवटची तिहाई, हे सगळं घालायला तासापेक्षा जास्त लागत असेल, तर तिसऱ्या गाण्यानंतर तुम्ही ते उघडणार नाही. मग गा, आणि मुद्दाम चुका. दुसरी ओळ विसरा, पट्टी उतरवा. परत जागेवर यायला किती बटणं दाबावी लागली ते मोजा.

बरं, आता लॅपटॉप लावलाय. ज्यांनी आपापली गाणी आणलीत त्यांनी एकेक करून पुढे या. हां, ताई, या. पट्टी? काळी चार. भजनी ठेका. आणि पहिल्या कडव्यानंतर किती आवर्तनं थांबता? नाही, अंदाजाने नको, एकदा गुणगुणून दाखवा, मी मोजतो.