मोडीतल्या वस्तूंचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजातली माझी एक मैत्रीण लग्न होऊन नागपूरला गेली, ती तिथलीच झाली. गेल्या हिवाळ्यात पुण्यात आली तेव्हा फोनवरच म्हणाली, "अगं, कुणाकडे जेवायला नेऊ नकोस. एक दिवस आपण दोघीच हिंडू."

म्हणून सकाळी साडेआठला आम्ही नारायण पेठेत, मुंजाबाच्या बोळात, बेडेकरांच्या मिसळीच्या रांगेत उभ्या. तिची जीभ आता तर्री-पोह्यांवर पोसलेली. इथला गोडसर रस्सा, खाली पोहे, सोबत पावाऐवजी स्लाइस! पहिल्या घासाला ती गप्प राहिली. मग तिनं शेजारच्या टेबलावरून हाक ऐकली, "सॅम्पल आणा!" सॅम्पल म्हणजे वरून घ्यायचा रस्सा, हे तिला मी सांगितलं. त्यानंतर तिनं तो दोनदा मागून घेतला.

तिथून चालत शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात. पुण्यात जन्म काढलेली कितीतरी माणसं शाळेच्या सहलीत तिथं एकदा जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते संग्रहालय चाळिशीनंतर बघायचं आहे. घर चालवून झाल्यावर.

तिथं शस्त्रं आहेत, वाड्यांचे कोरीव दरवाजे आहेत, चित्रकथी म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायची चित्रं आहेत. पण जीव अडकतो तो घरातल्या वस्तूंत. दिवे, कुंकवाचे करंडे, विळ्या, दौती. आणि वज्री! टाचा घासायची साधी पितळी वस्तू. तळ खरखरीत असला की काम भागतं. तरीही कुणा कारागिरानं तिच्या पाठीवर पशुपक्षी बसवले. न्हाणीघरात, जिथं दुसरं कुणी बघणार नाही, तिथल्या वस्तूवर एवढी माया! माझ्या मते आपल्या लोकांची सौंदर्याची जाण मोजायला ही एक वज्री पुरते.

अडकित्त्यांपाशी मैत्रीण थांबली ती हलेना. तिच्या आजीकडे पोपटाच्या आकाराचा अडकित्ता होता. घर बदललं तेव्हा तो जुन्या पितळेबरोबर मोडीत गेला. "वजनावर विकला गं," एवढंच म्हणाली.

दिनकर गंगाधर केळकरांनी नेमक्या अशाच वस्तू जपल्या. 1896 चा त्यांचा जन्म. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत, घरचं चष्म्याचं दुकान होतं. जुन्या बाजारांतून, वाड्यांतून, खेडोपाडी फिरून त्यांनी 20,000 च्या वर वस्तू गोळा केल्या. पत्नी कमलाबाई बरोबरीनं यात होत्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव त्याचं आहे. 1975 मध्ये हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. आज मांडलेल्या वस्तू त्यातला थोडाच भाग आहेत. दालनातून फिरताना मला सारखं वाटत होतं, लहान मूल हरवलेल्या दोघांनी इतरांच्या घरांतलं हरवू पाहणारं सगळं आपल्या घरी आणून ठेवलं.

कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून तिथं पुन्हा उभारलेत. ते पाहून बाहेर आलो आणि दुपारी सदाशिव पेठेत सुजाताकडे आंब्याची मस्तानी प्यायलो. दाट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा. जेवणाची गरजच उरली नाही.

खरं तर मग घरी जायचं ठरलं होतं. पण अडकित्ता तिच्या डोक्यातून जात नव्हता. रिक्षा केली आणि कसबा पेठेत तांबट आळीला गेलो.

ही आळी आधी ऐकू येते, मग दिसते. ठक्, ठक्, ठक्. पेशवाईपासून तांबट इथं राहतात. एक काका हंड्याला मठार देत होते, म्हणजे हातोडीनं एकाला एक लागून ठोके. प्रत्येक ठोक्याचा बारीक गोल उमटत होता, त्यावर उजेड पडला की सगळं भांडं चमकायचं. मला वाटायचं ही निव्वळ नक्षी. काका म्हणाले, "नाही ताई, ठोक्यानं तांबं कडक होतं. मठार नसला तर भांडं लगेच पोचेल." सकाळच्या वज्रीपासून मी याच उत्तराभोवती फिरत होते.

मैत्रिणीनं मठारलेला तांब्या घेतला. "नाव घालायचंय का?" दुकानात विचारलं. तिनं आजीचं नाव सांगितलं. तारीख त्याच दिवशीची घातली. मशीनची किरकिर थांबेपर्यंत ती काठावर हात ठेवून उभी होती.