झाडाखालच्या सावलीत फुलं हवी असतील तर

मंडळी, "आंब्याखाली काही येत नाही हो" हे मला जिथे जाईन तिथे ऐकायला मिळतं, आणि जाऊन बघावं तर तिथे गुलाब नाहीतर शेवंती लावलेली असते. ती उन्हातली झाडं, ती सावलीत कशी फुलणार? दुसरं म्हणजे हल्ली व्हिडिओ बघून लोक होस्टाचे, म्हणजे थंड देशांत सावलीत लावतात त्या शोभेच्या पानांच्या झाडाचे, कंद ऑनलाइन मागवतात, पण होस्टाला विश्रांतीसाठी कडक थंडी लागते, ती पुण्यात कुठून आणणार! नका घालवू पैसे.

आपल्या सह्याद्रीत काय फुलतं ते बघा ना. इंग्लंडच्या जंगलात ब्लूबेल एप्रिल-मेमध्ये फुलते, वरच्या झाडांना दाट पानं यायच्या आत, कारण तिथे भांडण उजेडाचं असतं. आपल्याकडे भांडण पाण्याचं, त्यामुळे आपली फुलं पावसाचं वेळापत्रक धरतात. ऑगस्टमध्ये रानहळद, वर गुलाबी तुरा आणि खाली पिवळी फुलं. पेवा, त्याचा दांडा जिन्यासारखा गोल वळत वर जातो आणि लाल बोंडातून पांढरं फूल निघतं. सोनटक्का, पण त्याला ओल हवी, म्हणून कोकणात तो पाटाच्या कडेला खुश असतो. आणि भुईचाफा तर माझा फार लाडका, पाऊस यायच्या आधीच, एकही पान नसताना, थेट जमिनीतून सुवासिक फूल वर येतं, सगळं कंदातल्या साठ्यावर. पानं नंतर.

लावायचं कसं, तर हळदीसारखंच. मे महिन्यात कंद वेगळे करायचे, प्रत्येक तुकड्याला डोळा हवा, बोटभर खोल पुरायचे, पाणी साचेल अशी जागा टाळायची. आंब्याची मुळं वर वर असतात, ती तोडत बसू नका, मुळांच्या मधल्या फटीत पालापाचोळ्याचं खत घालून लावा. अगदी काळोख्या सावलीत पानंच येतात, फुलं नाहीत, तेव्हा खालच्या दोन-चार फांद्या काढून उजेड झिरपू द्या.

खरा प्रश्न दिवाळीनंतरचा आहे. पानं पिवळी पडून बसतात, लोकांना वाटतं झाड मेलं, मग पाणी ओतत राहतात आणि झोपलेला कंद कुजतो, नाहीतर माळी "मोकळी जागा" म्हणून कुदळ घालतो. अहो, खाली सगळं जिवंत आहे! तिथे दगड किंवा काठी रोवून ठेवा, पाणी बंद करा, पाचोळा झाडून जाळू नका, तो तिथेच राहू द्या, कंदाला उन्हाळ्यात तेवढंच पांघरूण. आणि कृपा करून जंगलातून कंद उपटून आणू नका, नर्सरीत मिळतात, ओळखीच्यांकडे मिळतात, दोन-तीन पावसाळ्यांत एकाचे बरेच होतात.

ज्यांची बाग जंगलाला लागून आहे त्यांच्याकडे साळिंदर आणि रानडुक्कर कंद उकरणारच, त्यांनी प्रत्येक जातीचे थोडे कंद कुंडीत घराजवळ ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षाला बियाणं तरी हाताशी राहील.