काचेवरचं ग्रीनलँड

काचेवर काढलेल्या या जुन्या फोटोत आधी आकाश पाहा. कोरं आहे. ढगाचा एक ठिपका नाही. खाली लाकडी घरांच्या फळ्या मात्र मोजता येतील इतक्या स्पष्ट.

साल 1854. ब्रिटिश नौदलाचं ‘फिनिक्स’ हे वाफेचं जहाज ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्याला लागलंय. कप्तान एडवर्ड इंगलफिल्ड. नऊ वर्षांपूर्वी ब्रिटिश दर्यावर्दी सर जॉन फ्रँकलिन दोन जहाजं घेऊन उत्तरेला गेला, तो परतलाच नाही. 129 माणसं बेपत्ता. त्यांना शोधणाऱ्या जहाजांना रसद पोचवायची, हे ‘फिनिक्स’चं काम.

आदल्या वर्षी याच कामावर असताना ‘ब्रेडलबेन’ हे सोबतचं मालवाहू जहाज कॅनडाच्या उत्तरेतल्या बीची बेटापाशी बर्फात चिरडलं. पंधरा मिनिटांत तळाला. खलाशांनी बर्फावर उड्या टाकल्या म्हणून वाचले. त्या पंधरा मिनिटांचा फोटो नाही. तो निघालाच नसता, कारण तेव्हाचं तंत्रच तसं होतं.

काच स्वच्छ पुसायची. तिच्यावर कलोडियन ओतायचं: ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला गनकॉटन (आम्लात मुरवलेला कापूस), मधासारखा दाट. काच हळूहळू कलती करत तो चारी कोपऱ्यांत पोचवायचा. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि ओली असतानाच धुऊन चित्र काढायचं. सुकली की संपलं. त्यात गारठ्यानं रसायनं सुस्तावतात, आणि डुलत्या डेकवर कॅमेरा स्थिर राहत नाही.

म्हणून जहाज नांगर टाकून निवांत उभं असायला हवं. गोडं पाणी हाताशी हवं. समोरच्यानं हलता कामा नये. हे सगळं एकत्र मिळायचं ते डॅनिश व्यापारी ठाण्यांवर. होल्स्टाइनबोर्ग, म्हणजे आजचं सिसिमिउत, त्यांतलंच एक. निघाले होते हरवलेल्यांच्या मागावर, आणि काचेवर उतरली ती व्यापाऱ्यांची वस्ती!

इथे झाड उगवत नाही. घरांचं लाकूडसुद्धा डेन्मार्कहून जहाजानं यायचं. 1776 पासून या किनाऱ्यावरच्या व्यापाराचा मक्ता डॅनिश राजाच्या कंपनीकडे होता. इथल्या मूळच्या इनुइट शिकाऱ्यांनी सीलची चरबी आणि कातडी आणायची, बदल्यात कॉफी, कापड, बंदुकीची दारू न्यायची. परक्या जहाजांनी मध्ये यायचं नाही. चरबीच्या गोदामाचा वास कोसभर जात असणार. फोटोत तेवढी एक सोय आहे, वास येत नाही.

आता माणसांकडे या. ग्रीनलँडच्या बायका तेव्हा केसांचा उंच बुचडा बांधून त्याला फीत गुंडाळायच्या. फितीच्या रंगावरून बाईचं सगळं कळायचं: लाल म्हणजे बिनलग्नाची, निळी म्हणजे लग्न झालेली. गावात कुणाला विचारायची गरज नसे.

पण कलोडियनला निळा रंग नको तितका दिसतो आणि लाल दिसतच नाही. आकाश कोरं आलं ते यामुळेच. त्याच हिशेबानं निळी फीत फोटोत पांढुरकी येते आणि लाल फीत काळी. विधवांच्या फितीही काळ्या किंवा पांढऱ्या असत.

तेव्हा फोटोत काळी फीत दिसली, तर ती पोर बिनलग्नाची आहे की बाई विधवा, ते काच सांगत नाही.