चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटा पाहुणा

(हॉटेल व्यवस्थापनाचे विद्यार्थी आणि लोणावळा-कामशेत परिसरातले काही रिसॉर्टचालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय 'पाहुण्यांचे अनुभव'. हा विषय तासाभरात मांडायला घेतला तर तुम्ही जेवायला घरी पोचायचे नाही. म्हणून मी त्यातला एकच पाहुणा निवडलाय. फॅमिली रिसॉर्टमध्ये कामासाठी येऊन उतरलेला माणूस. इथे बसलेल्यांपैकी दोघातिघांनी चहाच्या वेळी मला सांगितलं, "सर, आमच्याकडे सगळी फॅमिलीच असते, असले लोक येत नाहीत." अहो, येतात. मंगळवारचं रजिस्टर काढून बघा.

लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये मी बेलबॉय म्हणून लागलो आणि जवळपास सगळं आयुष्य रिसेप्शनच्या काउंटरमागे काढलं. रिसॉर्टचं नाव सांगत नाही, कारण आज आमच्याच चुका सांगणार आहे आणि मालक अजून हयात आहेत.

आधी एक साधं गणित. आठवड्याला सात रात्री. फॅमिली येते शुक्रवारी आणि शनिवारी, रविवारी दुपारी चिक्कीच्या पिशव्या घेऊन परत. या दोन्ही रात्री तुम्ही अगदी खचाखच भरलात आणि बाकीच्या रिकाम्या गेल्या, तरी आठवड्याची ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांचं प्रमाण, २९ टक्क्यांच्या आतच राहते. पगार मात्र सातही दिवसांचे. पाण्याच्या टाकीला, जनरेटरला, माळ्याला वार कळत नाही. उरलेल्या पाच रात्री कोण भरतं? २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि आमच्याकडे सोमवार ते गुरुवारचा पाहुणाच बदलला. मुंबईचं ऑफिस आणि तळेगाव-चाकणचा कारखाना यांना मध्यावर भेटायला लोणावळा बरं पडतं. कोणी ऑडिटला येतो, कोणी मशीन बसवायला, कोणी डीलर मीटिंगला. कंपनी खोली देते, हा येऊन झोपतो. रिसॉर्ट त्याने निवडलेलं नसतं, ते त्याच्या वाट्याला आलेलं असतं. फॅमिलीवाल्याने दोन महिने फोटो बघून तुम्हाला निवडलंय, त्यामुळे तो तुमचं थोडंफार माफ करतो. याचं तसं नाही.

मजेसाठी आलेल्यांची सोय पुढे कामावर जाणाऱ्यांची होते, हे आपल्या भागाला नवीन नाही. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, ती शनिवार-रविवारसाठी, पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या शौकिनांसाठी. मग ती रोजची झाली, आणि आज त्या गाडीत बसतो कोण? पासवाला नोकरदार.

आता टेबलाकडे येतो. आमच्या रेस्टॉरंटमध्ये सगळी टेबलं चार जणांची. वर चार प्लेटा, चार ग्लास, चार नॅपकिन, उलटे-सुलटे पंखे करून लावलेले. रात्री साडेआठला एक गृहस्थ खाली येतात. वेटर विचारतो, "सर, किती जण?" ते म्हणतात, "एकच." मग वेटर काय करतो? त्यांच्यासमोर उरलेल्या तीन प्लेटा, तीन चमचे, तीन ग्लास खणखण उचलून घेऊन जातो. मी हे किती वर्षं बघत होतो, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. एकदा एका पाहुण्याने, कारखान्यात तीन आठवडे कामाला आलेला इंजिनिअर होता, जाताना मला म्हटलं, "तुमचं जेवण उत्तम आहे. पण रोज रात्री तो मुलगा माझी बायको आणि दोन मुलं उचलून नेतो." मी हसलो आणि नंतर बराच वेळ तसाच उभा राहिलो. त्याच्या घरी ती माणसं होती हो. खरोखरची, तेवढीच. त्या दिवसापासून कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या मुख्याला, सांगून ठेवलं, एकट्याच्या खोलीचा पाहुणा जेवायला येणार हे तुला संध्याकाळी सातलाच माहीत असतं, तर त्याचं टेबल एका माणसाचं मांडून ठेव. खर्च शून्य.

एकटा माणूस रेस्टॉरंटमध्ये बसला की तो फोन बघतो. आपल्याला वाटतं त्याला बोलायचं नाहीये. कधी नसतं, कधी असतं. ते ओळखायला शिकवता येत नाही, पण एक खूण सांगतो. फोन टेबलावर पालथा ठेवून जो मेनूकार्ड दुसऱ्यांदा वाचतो ना, त्याच्याशी दोन वाक्यं बोला. पिठल्याबद्दल बोला, पावसाबद्दल बोला. "एकटेच आलात का?" हे मात्र विचारू नका.

त्यावरून एक प्रसंग सांगतोच, कारण तो आमच्या रिसेप्शनचा सगळ्यात लाजिरवाणा दिवस होता. एक बाई आल्या, सनदी लेखापाल, शेजारच्या एका कंपनीचं ऑडिट होतं. काउंटरवरच्या मुलाने कार्ड भरून घेतलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, मिस्टर मागून येतायत का?" त्या म्हणाल्या, "नाही." तरी याने 'पाहुण्यांची संख्या' या रकान्यात दोन लिहिलं, कारण त्याच्या आयुष्यात त्या काउंटरवर एकटी बाई आलीच नव्हती. परिणाम असा की खोलीत दोन टॉवेल, दोन चपला, पलंगावर टॉवेलचे दोन हंस, माना जोडून केलेलं बदाम, आणि वर गुलाबाच्या पाकळ्या. शिवाय किल्ली देताना त्याने खोलीचा नंबर मोठ्याने सांगितला, लॉबीत पंधरा माणसं उभी असताना. बाई परत खाली आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हंस ठेवा, पण खोली बदला. नंबर आता सगळ्यांना माहीत झालाय." मी खोली बदलली. नंबर कागदावर लिहून दिला. लिफ्टच्या जवळची दिली, पॅसेजच्या टोकाची नाही. शेजारच्या खोलीत उघडणारा मधला दरवाजा नाही ना, ते स्वतः जाऊन बघितलं. तुम्ही म्हणाल ही मोठ्या शहरी हॉटेलांची पद्धत आहे. असेल. पण नंतर त्याच बाई मला म्हणाल्या की बिझनेस हॉटेलपेक्षा त्यांना फॅमिली रिसॉर्टमध्ये बरं वाटतं, कारण रात्री दहा वाजता लॉबीत चार आज्या बसलेल्या असतात. ही गोष्ट आपल्याकडे आहे आणि आपल्यालाच तिची किंमत माहीत नाही.

आवाजाचं बघू. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमची अडचण संध्याकाळच्या पाचाची. मे महिन्यात आणि लांब सुट्टीत मधल्या वारीही फॅमिली असते. पूलशेजारी तंबोला सुरू होतो. एक विक्रीवाले गृहस्थ खोलीत बसून ग्राहकाशी फोनवर भाव करत होते. ग्राहकाने विचारलं, "डिस्काउंट किती देता?" तेवढ्यात खिडकीतून आमच्या खेळ घेणाऱ्या अॅनिमेटरचा आवाज, माइकवर, "टू लिटल डक्स, ट्वेंटी टू!" पलीकडचा माणूस म्हणाला, "चालेल, बावीस टक्के पक्के." हे ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी हसत सांगत होते, त्या संध्याकाळी हसत नव्हते. तंबोला बंद करता येत नाही, पोरं त्यासाठीच येतात. आम्ही एवढंच केलं, एकटा कामाचा पाहुणा आला की त्याला पूलच्या बाजूची खोली द्यायची नाही, पार्किंगच्या बाजूची द्यायची. व्ह्यू नाही, पण त्याला व्ह्यू नकोय, तो साडेसातला जाऊन साडेसातला येतो. आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर द्यायची. का? डोक्यावर पलंगावरून उड्या मारणारी पोरं नकोत म्हणून. सेल्सवाले माझ्याशी भांडायचे, वरच्या खोल्या दराने महाग आहेत म्हणून. मंगळवारी त्या रिकाम्याच असतात, दराचं काय लोणचं घालायचंय?

पावसाळ्याबद्दल फार सांगत नाही, तुम्ही इथलेच आहात. टॉवेल वाळत नाहीत, भिंती घाम गाळतात, नेटवर्क जातं. फॅमिलीला त्यातही मजा वाटते. सकाळी नऊला मीटिंगला जाणाऱ्या माणसाचा एकुलता एक शर्ट ओला राहिला तर मजा नाही. इस्त्री आणि फळी खोलीत ठेवा, संपलं.

बिलाकडे मात्र जरा थांबतो. फॅमिलीचा अनुभव पूलमध्ये ठरतो, कामाच्या माणसाचा बिलावर. तो पैसे भरतो आणि परत मागतो, मध्ये त्याच्या कंपनीचं अकाउंट्स खातं बसलेलं असतं. कंपनीचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर चेक-इनलाच घ्या. सकाळी सहाला टॅक्सी उभी असताना पंधरा अक्षरांचा तो नंबर लिहायला लावू नका, एक अक्षर चुकलं तरी बिल परत येतं. बंगळूरचा पाहुणा म्हणेल, आमची कंपनी कर्नाटकातली, तुम्ही आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लावा. नाही लावता येत. हॉटेलच्या खोलीला कर हॉटेल जिथे आहे तिथला, म्हणजे इथे महाराष्ट्राचा. त्याच्या कंपनीची महाराष्ट्रात नोंदणी नसेल तर तिला तो आपल्या करातून वळता करून घेता येत नाही. हे त्याला आल्या दिवशी सांगितलं तर तो "बरं" म्हणतो, जाताना सांगितलं तर तुम्ही चोर. आणि दुसरा नाजूक मामला. दोन बिअर झालेल्या असतात, कंपनी दारूचे पैसे देत नाही, तो हळूच म्हणतो, "याचं जेवण म्हणून बिल करा ना." करू नका. आधीच दोन बिलं करा, खाण्याचं वेगळं, पिण्याचं वेगळं, दुसऱ्या बिलाचे पैसे रोख घ्या. त्याला मागायला लागूच नये. आणि परदेशी पाहुणा असला की पासपोर्ट-व्हिसाची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायची असते, हे रात्रपाळीच्या मुलाला माहीत पाहिजे. थकून आलेल्या माणसाला झोपेतून उठवून पासपोर्ट मागणारी हॉटेलं मी पाहिली आहेत.

इथे मला अमेरिकेतली एक गोष्ट आठवते. मेम्फिसचा केमन्स विल्सन नावाचा एक बिल्डर १९५१ साली बायको आणि पाच मुलांना घेऊन गाडीने वॉशिंग्टनला सहलीला गेला. वाटेतली मोटेलं दर मुलामागे दोन डॉलर जास्त घेत. तो चिडला आणि पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, त्याने मेम्फिसमध्ये स्वतःचं मोटेल काढलं, नाव हॉलिडे इन. आईबापांच्या खोलीत मुलं फुकट. नावातच सुट्टी, जन्मच कुटुंबाच्या सहलीतून. आज जगभर त्या नावाच्या हॉटेलात बघा, टाय लावलेला माणूस बॅग ओढत चाललेला दिसेल. तेव्हा फॅमिलीवाल्यांचं हॉटेल आणि कामवाल्यांचं हॉटेल अशी भिंत आपणच आपल्या डोक्यात बांधलीय.

ती भिंत सगळ्यात जास्त डळमळते कॉन्फरन्सला. तीन दिवसांची डीलर मीटिंग, आणि त्यातला एक जण बायकोपोरांना घेऊन येतो. कंपनी त्याचे पैसे देते, घरच्यांचे तो देतो. दुपारी एकला बँक्वेटमधून सगळे बाहेर पडतात, बुफे लागलेला. समोर साहेब प्लेट घेऊन उभे, उजवीकडे टेबलावर बायको आणि धाकटी, तिच्या नाकाला आइस्क्रीम. या माणसाने कुठे बसायचं? मी त्याचा चेहरा बघितलाय. प्लेट हातात घेऊन तो सॅलडपाशी इतका वेळ उभा होता की त्याने काकडी चार वेळा वाढून घेतली. आमच्या एका जुन्या वेटरने, दहावी नापास माणूस, साहेबांना जाऊन सांगितलं, "साहेब, त्या बाजूला एसी चांगला आहे, टेबल मोठं आहे." साहेब येऊन त्याच्या बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि धाकटीला नाव विचारलं. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?

पहाटेचं राहिलं. पावणेपाचला चेक-आउट, मुंबईचं विमान. आपल्याकडे ब्रेकफास्ट आठला. त्याने पैसे भरलेत, म्हणून पॅक ब्रेकफास्ट देतात. पांढरा ब्रेड, लोणी, एक केळं, गार. आमचा रात्रीचा आचारी कर्मचाऱ्यांसाठी पहाटे पोहे करायचाच. त्यातलेच डब्यात आणि थर्मासच्या कपात चहा, एवढं सुरू केलं. तळेगावच्या टोलनाक्याच्या आत तो चहा संपवणारे, हं, चुकलो, मुंबईला जाणाऱ्याला तळेगाव लागत नाही, खालापूर लागतं, तर खालापूरच्या आत चहा संपवून ड्रायव्हरला अर्धे पोहे देणारे पाहुणे मला माहीत आहेत. ड्रायव्हर पुढच्या वेळी येऊन सांगायचे.

वेळ झाली वाटतं. एखादा प्रश्न घेऊ.

(एका विद्यार्थिनीने विचारलं: "सर, एकट्या पाहुण्याचं टेबल मांडताना दोन खुर्च्यांचं टेबल घेऊन समोरची खुर्ची काढून टाकायची का? म्हणजे रिकामी दिसणार नाही.")

छान विचारलंस. आम्ही पहिल्या महिन्यात हेच केलं होतं. मग लक्षात आलं, पाहुणे इकडेतिकडे बघून बाजूच्या टेबलाची खुर्ची ओढून घेतायत. राहू दे ती खुर्ची. तिच्यावर तो लॅपटॉपची बॅग ठेवतो.