आंभोऱ्याखालचे मत्स्यजिरे

[दृश्य: आंभोरा, पाच नद्यांचा संगम. जुलैचं गढूळ पाणी.]

इथं कन्हान वैनगंगेला मिळते. कन्हानच्या पाण्यात नाग नदीही असते, आणि नाग नदी नागपुरातून निघते ती शहराचं सांडपाणी पोटात घेऊन. हे सगळं पुढं गोसीखुर्दच्या जलाशयात साचतं. कुही, पवनी, भंडारा भागातल्या ढिवर मच्छीमारांची जाळी याच पाण्यात पडतात.

मोठे मासे मरून काठाला लागले की बातमी होते. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली माशांची पिल्लं, मेले तर कुणाला दिसतही नाही.

[दृश्य: हापात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी जाळीत घेतलेले मत्स्यजिरे, जवळून.]

कटला, रोहू, मृगळ पावसाळ्यात चढत्या पाण्यात अंडी सोडतात. साधारण १५ ते १८ तासांत पिल्लू बाहेर येतं. पहिले दोन-तीन दिवस ते पोटाखालच्या बलकावर जगतं. कल्ले पुरते तयार नसतात, प्राणवायू बराचसा कातडीतूनच आत येतो. मोठा रोहू घाण पाणी सोडून निघून जातो. हे पिल्लू पाणी नेईल तिकडं जातं.

सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. अमोनिया कोवळ्या कल्ल्यांना इजा करतो. मरळ, मागूर काटक, वर येऊन हवा घेतात, असं आपण म्हणतो. मोठ्यांचं ते खरं आहे. पण मागूरचं पिल्लू जन्मतं तेव्हा हवा घ्यायचा अवयव त्याला नसतोच, तो नंतर वाढतो. तेवढे दिवस तेही पाण्यातल्याच प्राणवायूवर असतं.

जी पिल्लं तगतात, त्यांतली कित्येक खुरटतात. वेळेत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी, झाली नाहीत, तर दुसऱ्या माशाच्या तोंडी जातात.

[दृश्य: मच्छीमार संस्थेचे सभासद जलाशयात बीज, म्हणजे माशांची लहान पिल्लं, सोडताना.]

हे बीज संस्थांनी पैसे मोजून आणलेलं असतं. पाणी त्यांनी घाण केलेलं नाही, तोटा मात्र त्यांच्या माथी येतो. हा अन्याय आहे.

नागपुरात नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. ते काम पुरं व्हायलाच हवं. तोवर निदान पाणी नीट तपासा. दुपारी उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, आकडा चांगला येतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेतं, पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. म्हणून नमुना उजाडायच्या आधी घ्यावा, पिल्लं असतात त्या उथळ काठाशी. लिटरला ५ मिलिग्रॅम प्राणवायू आहे की नाही, हे बीज सोडण्याआधी संस्थेला कळलं पाहिजे.